सातवी कांडी

१

टेबलावर पत्र्याचे सहा ट्रे होते. प्रत्येक ट्रेमध्ये दगडाच्या एका फुटलेल्या गोल कांडीचे तुकडे: कुठे चार, कुठे सात, आणि एकात किती ते सांगायचं तर चुरा धरायचा की नाही हे आधी ठरवावं लागलं असतं. ट्रेंच्या पलीकडे रबरी कडेच्या झाकणाचा एक काचेचा डबा; त्यात एक अख्खी कांडी आणि वाटीभर गुलाबी दाणे. डब्याला टेकून चहाचे चार कप, तीन रिकामे आणि एकावर साय आलेली. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध एक पितळी किल्ली.

दशांशनं सगळं दोनदा मोजलं, कारण किल्लीकडे बघायचं तिला टाळायचं होतं.

ती दाबयंत्राची किल्ली. सव्वीस वर्षं ती दाबदादांच्या कमरेला होती. दगड, विटा, सिमेंटचे ठोकळे, जे जे म्हणून दाबून फोडायचं ते ते त्यांच्या हातून फुटलं, म्हणून ते दाबदादा. एरवी माणूस असा की वाटेतल्या मुंगीलाही आधी जाऊ द्यायचा. आज त्यांनी ती किल्ली कमरेची सोडून टेबलावर ठेवली आणि मागच्या अंगणात निघून गेले.

"मी मागितली नव्हती," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे ह्या प्रयोगशाळेचे प्रमुख. दाढ दुखत असताना फोटोसाठी हसायला सांगितलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "पण ठेवली ते बरं केलं. मला मागावी लागली असती."

"साहेब, तुम्हाला खरंच वाटतं?"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. हे बघ." त्यांनी ट्रेंवरून बोट फिरवलं. "जुन्या पुलाच्या दोन कमानी बांधायच्या आहेत. वालुकाश्म हवा, आणि तो कोरडा असताना चाळीस मेगापास्कलच्या वर भरला पाहिजे. एकाच खाणीतून एक दगड आला, त्यातून सात कांड्या काढल्या. शुक्रवारी तीन फोडल्या. किती?"

"सरासरी त्रेपन्न पूर्णांक तीन."

"आज तीन फोडल्या."

दशांश गप्प राहिली. आकडा माहीत असून ती गप्प राहिल्याची ही पहिलीच वेळ असावी. सहा महिन्यांपूर्वी ती इथे लागली त्या दिवशी कोणीतरी वजन सांगितलं, "पाचशे चाळीस," आणि ह्या नव्या मुलीनं विचारलं, "पुढे?" त्या संध्याकाळपासून तिचं खरं नाव कोणी घेतलं नव्हतं.

"तीस," साहेबच म्हणाले. "एकाच दगडाच्या कांड्या एका दिवशी त्रेपन्न घेतात आणि तीन दिवसांनी तीस? दगडाला काय ताप आला होता? आणि खाण कोणाची, तर दाबदादांच्या थोरल्या बहिणीची."

"ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हीच म्हणालात, विश्वास आहे."

"होता म्हणून तर तोंड कडू झालंय." साहेबांनी दोन तुकडे उचलले. "हा शुक्रवारचा. आतून फिकट, वाळलेल्या गवतासारखा. हा आजचा. आतून तपकिरी. दोन वेगळे दगड आहेत हे आंधळाही सांगेल. आता आकडे बघ. तूच लिहिलेस ना सातही कांड्यांवर, एकाच बैठकीत? मग एक, दोन, तीन ठसठशीत आणि चार, पाच, सहा फिकट, फिसकटलेले, असं का? कारण पहिले तीन तुझे नाहीतच. चांगल्या दगडाच्या तीन कांड्या कोणीतरी बाहेरून आणल्या, त्यांवर तुझ्यासारखे आकडे काढले आणि त्या फोडल्या. उरलेल्या बदलायला शनिवार-रविवारी सवड झाली नाही."

पुरावा दशांशच्या डोळ्यांसमोर होता आणि तो साहेबांच्या बाजूनं बोलत होता.

साहेबांनी डब्यातली सातवी, अख्खी कांडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि ती आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"परवा, बुधवारी, मला अहवाल पाठवायचा आहे. तोवर दुसरं काही कळलं नाही, तर 'नमुने बदलले' असं मला लिहावं लागेल. मग ती किल्ली त्यांच्या कमरेला परत जायची नाही. सव्वीस वर्षांचं काम एका ओळीत जाईल."

२

मागच्या अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांना पाण्यात ठेवायची लांबलचक टाकी होती. दाबदादा तिच्या कठड्यावर बसले होते. कमरेच्या रिकाम्या हुकाशी त्यांची बोटं खेळत होती.

"तू कशाला आलीस उन्हात?" ते म्हणाले.

"चौकशीला."

"मग पोलिसांसारखी उभी राहा. बसू नकोस शेजारी."

ती शेजारी बसली. "दादा, आक्कांना कळवलंत?"

"काय कळवू? तुझा दगड खोटा की तुझा भाऊ खोटा, ह्यातलं एक निवड म्हणून? दगड चांगला आहे गं. लहानपणी त्याच्यावरनं पडून माझं डोकं फुटलंय. दगडाला ओरखडा नाही."

दशांशला हसू आलं. ह्याच माणसानं तिला यंत्र शिकवलं होतं. दाब सोडायचा तो कसा, तर झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढतो तसा. पुस्तकात त्याच गोष्टीला दीड पान लागलं होतं.

"शुक्रवारपासूनचं सांगा. क्रमानं."

"तुला माहीत नाही का? तूच तर होतीस. ओव्हनमधून सातही काढल्या, वजनं केलीस, आकडे घातलेस."

"स्केचपेननं. पक्क्या शाईचा पेन संपला होता."

"मग डब्यात ठेवल्यास. वाटीत ते तुझे निळे दाणे घातलेस, ओल ओढणारे. झाकण लावलंस. दुपारी मी तीन फोडल्या आणि तेवढ्यात वीज गेली. ती काही येईना. तू गेलीस, काकू गेल्या. जाताना दारात मिस्त्री भेटले. म्हणाले, दादा, दमलेले दिसता. म्हटलं, हो, चार कांड्या कोरड्या राहिल्यात, आक्काचं पोट आहे त्यांच्यावर, आता सोमवारी बघू. आणि गेलो घरी. शनिवारी, रविवारी इकडे फिरकलोसुद्धा नाही."

"साक्षीदार?"

"बायको. दोन्ही दिवस तिनं माळा आवरायला लावला. तिची साक्ष हवी तर सांभाळून घे, माळ्याचा विषय अजून ताजा आहे."

मिस्त्री म्हणजे संध्याकाळचे आणि सुट्टीच्या दिवसांचे पहारेकरी. चाळीस वर्षं बांधकामांवर काढून गुडघे गेल्यावर इथे खुर्चीवर आले होते, पण हुद्दा त्यांनी बरोबर आणला होता. शनिवार-रविवार राखण केली की सोमवारी त्यांची सुट्टी, म्हणून ते आज नव्हते.

मग राहिल्या काकू. कांड्या कापायचं आणि त्यांची टोकं सपाट घासायचं काम त्यांचं. त्या शनिवारी अर्धा दिवस आल्या होत्या. शिवाय त्यांचं आणि दाबदादांचं दोन महिने बोलणं बंद होतं. भांडण रेडिओवरून. काकूंच्या करवतीच्या आवाजात रेडिओ ऐकू येत नाही म्हणून दाबदादा आवाज वाढवत, आणि रेडिओच्या आवाजात करवत कुठे अडतेय ते कळत नाही म्हणून काकू ओरडत. तेव्हापासून दोघांचा सगळा कारभार दशांशमार्फत चाले.

"त्यांना सांग," काकू गॉगल कपाळावर सरकवत म्हणाल्या, "मी एका दगडातून सात कांड्या काढल्या. माझ्या हातचं मी अंधारात ओळखते. सहाच्या सहा ट्रेंमधलं टोक न् टोक माझं आहे. बाहेरचा एक तुकडा नाही त्यात."

"साहेब म्हणतात, नुसत्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत."

"मग साहेबांना सांग, चोपन्न मिलिमीटरची टोकं अशी घासून दाखवा." त्यांनी गॉगल खाली ओढला आणि पुन्हा वर केला. "आणि त्यांना सांग, जेवून घ्या म्हणावं. डबा तसाच आहे मघापासून. मी बघितलं नाही, दिसला."

दशांश दारापर्यंत गेली आणि वळली. "काकू, शनिवारी तुम्ही त्या काचेच्या डब्याला हात लावलात?"

काकूंनी करवत सुरू केली. पात्यावर पाण्याची धार पडली, तुषार उडाले.

३

मंगळवारी सकाळी दशांश सगळ्यांच्या आधी आली. ती काहीच न सुचून आली होती. अशा वेळी तिला एकच उपाय माहीत होता: पुन्हा मोजायचं.

सहा ट्रे. तिनं शुक्रवारच्या ट्रेमधला एक तुकडा डाव्या हातात घेतला आणि सोमवारच्या ट्रेमधला उजव्या. न बघताच; एक फिकट, एक तपकिरी, हे तिला कालपासून पाठ होतं. रंगांत नेमका किती फरक आहे, ते पुस्तकातल्या रंगपट्टीशी ताडून लिहून ठेवावं, असा तिचा बेत होता. ती खिडकीपाशी गेली. तेवढ्यात फोन वाजला, तिनं तुकडे कट्ट्यावर ठेवले, फोन चुकीचा निघाला, ती परत आली.

कट्ट्यावर दोन तुकडे होते. तिनं डावीकडचा उचलला, मग उजवीकडचा. उलटले, पालटले, चष्मा पुसला.

दोन्ही वाळलेल्या गवताच्या रंगाचे.

ट्रे सोमवारचा आहे ह्याची तिनं चिठ्ठी वाचून खात्री करून घेतली. त्या ट्रेमधला दुसरा तुकडा काढला, तिसरा काढला. एकही तपकिरी नव्हता. काल आंधळ्यालाही वेगळे दिसले असते असे दोन दगड, आज डोळसाला एक झाले होते.

४

दगड रात्रीतून रंग बदलत नाही. पण ओला दगड वाळतो.

ही गोष्ट इतकी साधी होती की दशांशला स्वतःचा कान पिळावासा वाटला. अंगणातली फरशी धुतली की ती काळपट दिसते आणि वाळली की पुन्हा फिकी होते, हे तिनं पाच वर्षांची असताना पाहिलं होतं. पदवी घेतल्यावर विसरली. सहाही कांड्या एकाच दगडाच्या होत्या. फक्त नंतरच्या तिन्हींच्या पोटात पाणी होतं.

आणि वालुकाश्माच्या पोटात पाणी गेलं की काय होतं, त्यावर तर तिनं परीक्षेत पंधरा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. ह्या दगडाच्या कणांना धरून ठेवणारा गारा थोडा मातीचा असतो. कोरडा असताना तो वाळलेल्या खळीसारखा घट्ट; ओल लागली की मऊ पडतो. अर्धी ताकद जाते. पुरा भिजायलाही लागत नाही.

फिसकटलेले आकडेही त्याच पाण्याचे. साधा स्केचपेन तो. पाण्यात पसरणार नाहीतर काय करणार? एक, दोन, तीन ठसठशीत राहिले, कारण ते भिजलेच नव्हते.

ती वळली आणि टेबलावरच्या रिकाम्या डब्याकडे बघत राहिली. वाटीतले दाणे गुलाबी होते.

तिनं घातले होते निळे. हे दाणे कोरडे असेपर्यंत निळे असतात आणि ओल प्यायले की गुलाबी होतात, त्यांची सगळी उपयुक्तता तीच. काल तिनं वाटीभर गुलाबी दाणे दोनदा मोजणीत धरले होते. मोजलं सगळं, बघितलं मात्र नाही. ओल्या कांड्या कोणीतरी डब्यात परत ठेवल्या, दाण्यांनी त्यांच्या अंगावरची ओल ओढून घेतली, आणि सोमवारी त्या वरून खणखणीत कोरड्या दिसल्या. आतली ओल आतच राहिली.

पाणी कोणाकडे असतं? करवतीच्या पात्यावर.

काकू नुकत्या आल्या होत्या. दशांशनं आडपडदा ठेवला नाही. "काकू, शनिवारी त्या चार कांड्या तुम्ही पुन्हा घासल्यात का? पाण्याखाली?"

काकूंनी पिशवी खुंटीला अडकवली, हात कमरेवर ठेवले. "तुला असं वाटतं की मी त्या माणसाला गोत्यात आणीन? रेडिओपायी?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"काल विचारलंस तेव्हा मला राग आला म्हणून बोलले नाही. हात लावला होता. झाकण उघडून फडक्यानं डबा पुसला. त्यांच्या बहिणीचा दगड, धूळ बसायला नको म्हणून." काकूंनी नजर खिडकीबाहेर नेली. "त्यांना हे सांगू नकोस."

"तेव्हा दाणे कोणत्या रंगाचे होते?"

"निळे. मला आवडतो तो रंग. दुपारी एकला मी गेले तेव्हा निळे होते."

म्हणजे शनिवारी दुपारनंतर. दशांश मागच्या अंगणात गेली. पाणी असण्याची दुसरी जागा एकच होती.

टाकीत सिमेंटचे ठोकळे ओळीनं बसले होते. चुन्याच्या पाण्याचा पातळ पांढरा साका तळावर साचला होता, दुधावर साय धरते तसा. अगदी कोपऱ्यात, ठोकळ्यांपासून लांब, त्या पांढऱ्या थरात चार गोल डाग होते. जागा स्वच्छ, कडा रेखीव. दशांशनं बाही कोपरापर्यंत दुमडली, व्हर्नियर पाण्यात बुडवला आणि एका डागाची रुंदी मोजली.

चोपन्न.

एकाही ठोकळ्याला गोल बूड नसतं. ती ओल्या हातानं तशीच उभी राहिली. कांड्या कोणी लपूनछपून खराब करायला भिजवल्या असत्या, तर बादलीत बुडवल्या असत्या. ह्या तर ओळीनं, उभ्या, एकमेकींना धक्का लागणार नाही अशा अंतरानं ठेवल्या होत्या. कोणीतरी निगुतीनं ठेवल्या होत्या.

दगडाच्या कांडीला सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पंगतीत कोण बसवील? आणि दाबदादांचं एक वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं. ह्या खेपेला दुसऱ्या कोणाच्या तरी कानानं.

चार कांड्या कोरड्या राहिल्यात.

५

मिस्त्री चार वाजता आले. फाटकातूनच त्यांनी हाक घातली, "काय ताई, आमच्या कांड्यांनी किती घेतलं?"

"तुमच्या?" दशांश म्हणाली.

दाबदादा आतल्या बाकावर बसून होते, काकू दारात होत्या. साहेबांना तिनं आधीच बोलावून ठेवलं होतं. ते आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले.

मिस्त्री खुर्चीत बसले, गुडघे चोळले आणि खजिन्याची गोष्ट सांगावी तसं हसले. "आता विचारताय तर सांगतो. मी बोलणार नव्हतो. उपकार बोलून दाखवला की फिटतो."

"सांगा ना, मिस्त्री."

"शुक्रवारी दादा दमून निघाले, तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, चार कांड्या कोरड्या राहिल्यात, आणि आक्काचं पोट त्यांच्यावर. मी आत जाऊन बघितलं. खरंच की. ठणठणीत कोरड्या! डब्यात झाकून ठेवलेल्या, पाण्याचा थेंब नाही. म्हटलं, ही सगळी शिकलेली माणसं, कामाच्या रगाड्यात विसरली असतील. अहो, मी चाळीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, काँक्रीट ओतलं की पाणी पाजा, जितकं पाणी पाजाल तितकी ताकद. कोरडं राहिलं की गेलं काम."

"मग?"

"शनिवारी काकू गेल्यावर टाकीत ठेवल्या. रात्रभर. आडव्या नाही, उभ्या ठेवल्या, नीट. रविवारी काढल्या, टॉवेलनं पुसल्या, दिवसभर वाऱ्याला ठेवल्या आणि संध्याकाळी होत्या तशा डब्यात. दादांना त्रास नको." त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "का? कमी पडलं का पाणी? एका रात्रीत काय होणार म्हणा."

दाबदादांनी डोळे मिटून घेतले होते. "राहिल्यात," ते स्वतःशीच पुटपुटले. "फोडायच्या राहिल्यात म्हणालो हो मी."

दशांश मिस्त्रींच्या खुर्चीपाशी खाली बसली. तिला पंधरा गुणांचं उत्तर पाठ होतं, पण ते इथे कामाचं नव्हतं.

"मिस्त्री, सिमेंट पाणी पितं आणि घट्ट होतं. ते अजून वाढतं लेकरू असतं. हा दगड म्हातारा आहे. त्याचं वाढायचं केव्हाच झालंय. त्याला पाणी दिलं की त्याचे सांधे ढिले पडतात."

मिस्त्रींचा हात गुडघ्यावरच थांबला. "माझ्यासारखे?"

"तुमच्यासारखे."

"मग त्या कांड्या..."

"तिसाला फुटल्या. हव्या होत्या चाळीस."

म्हाताऱ्याच्या नजरेनं टेबलावरची पितळी किल्ली गाठली. मग दाबदादांची रिकामी कंबर. तो उठायला गेला आणि गुडघ्यांनी ऐकलं नाही. "दादा, मी तुमचं... अहो, मी तर..."

दाबदादा बाकावरून उठले, आले आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खुर्चीत बसवलं. "बसा हो. माझ्या बहिणीच्या दगडाला आजवर कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तुम्ही एवढा पाहुणचार केलात."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसायला की रडायला, ते कळलं नाही.

"गोष्ट छान आहे," साहेब उंबऱ्यातून म्हणाले. "आणि मला ती खरी असायला हवी आहे, म्हणूनच मी तिच्यावर एवढ्यात विश्वास ठेवणार नाही. अहवालात पाहुणचार लिहिता येत नाही, दशांश. मला आकडा दे."

६

"कपाट उघडा," दशांश म्हणाली. "सातवी कांडी अजून अख्खी आहे, आणि तुम्हीच तिचं तोंड बांधलंय. त्यामुळे तिच्यातलं पाणी कुठे गेलं नसणार. शुक्रवारी ओव्हनमधून काढली तेव्हा ती पाचशे चव्वेचाळीस पूर्णांक दोन ग्रॅम होती."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय, पण बघायची गरज नाही. लोकांना वाढदिवस लक्षात राहतात, मला वजनं राहतात."

साहेबांनी चिकटपट्टी स्वतः सोडली. कांडी तराजूवर ठेवली. अंगानं फिकट, कोरडी, हाताला कुठे ओल नाही. तराजूचे आकडे धावले आणि थांबले: पाचशे बासष्ट पूर्णांक नऊ.

"अठरा पूर्णांक सात ग्रॅम जास्त," दशांश म्हणाली. "आता ही रात्रभर ओव्हनमध्ये राहू दे. तुम्ही म्हणता तसा पहिल्या तिघींचा दगड बाहेरचा आणि हिचा मुळातच कच्चा असेल, तर ही वाळूनही तीसलाच फुटेल. पण पाणीच असेल, तर ते निघून जाईल, वजन माझ्या आकड्यावर उतरेल आणि कांडी पहिल्या तिघींसारखी वागेल."

"तीसला फुटली तर?"

उत्तर दाबदादांनी दिलं. "तर तुम्ही लिहा, साहेब. मी सही करतो."

साहेबांनी ओव्हनला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. त्या रात्री प्रयोगशाळेतला एकही माणूस धड झोपला नसावा. बुधवारी सकाळी सगळे वेळेआधी हजर होते, आणि मिस्त्री तर काम नसताना, इस्त्रीचा शर्ट घालून.

कांडी बाहेर काढली, नव्या निळ्या दाण्यांच्या डब्यात गार होऊ दिली. मग तराजू. पाचशे चव्वेचाळीस पूर्णांक दोन. साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला, आकडा तोच राहिला.

"यंत्र तू चालव," ते दशांशला म्हणाले. "दाबदादांनी हात लावायचा नाही. त्यांच्यासाठीच म्हणतोय."

दाबदादांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बघवणार नव्हतं, पण ऐकायचं होतं. काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"चहा घेतलात का?" काकूंनी विचारलं. थेट. दोन महिन्यांनी.

"नाही अजून," दाबदादा भिंतीला म्हणाले.

"मग झाल्यावर घेऊ."

दशांशनं किल्ली फिरवली. कांडी दोन पोलादी पाट्यांच्या मधोमध बसवली, समोरची जाळी लावली आणि व्हॉल्व्हवर हात ठेवला. झोपलेलं लेकरू, डोक्याखाली हात. काळा काटा निघाला आणि तांबड्या काट्याला पुढे ढकलत चालू लागला. तो चाळीस किलोन्यूटनवरून गेला. साठवरून गेला.

"जरा घाई होतेय," दाबदादा न वळता म्हणाले.

तिनं हात आणखी हलका केला. एकोणसत्तरवर सोमवारची शेवटची कांडी फुटली होती. काटा सत्तरवर आला आणि पुढे सरकला. मिस्त्रींचे ओठ हलत होते. नव्वद. शंभर. यंत्राची गुणगुण जाड झाली. एकशे दहा. कांडीच्या अंगातून बारीक कटकट आली, कोणी दूरच्या खोलीत बोटं मोडावीत तशी. एकशे वीस.

फट्.

जाळीवर तुकडे आदळले. काळा काटा शून्यावर पडला. तांबडा जिथे होता तिथेच राहिला.

साहेब पुढे आले, वाकले, तांबड्या काट्याशी नाक नेलं आणि वाचलं, "एकशे बावीस पूर्णांक आठ किलोन्यूटन." मग टेबलावरचा कोरा कागद ओढून कांडीच्या क्षेत्रफळानं भागाकार केला. "त्रेपन्न पूर्णांक सहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. दशांशकडे बघितलं.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"दोन," ती म्हणाली.

साहेबांनी अहवालात लिहिलं: कांडी क्रमांक सात, कोरडी, ५३.६२ मेगापास्कल.